‘पुरावा आणा, मग बोलेन’: पोप फ्रान्सिस यांच्या विधानानंतर चिलीत काय घडलं, आणि ते आपल्यालाही का लागू आहे?

‘बिशप बारोस यांच्याविरुद्ध कुणी पुरावा घेऊन येईल, त्या दिवशी मी बोलेन. त्यांच्याविरुद्ध एकही पुरावा नाही. ही सगळी बदनामी आहे.’

१८ जानेवारी २०१८ रोजी चिलीतल्या इकिके शहरात पोप फ्रान्सिस यांनी पत्रकारांना हे उत्तर दिलं. दोनच दिवस आधी राजधानी सँटियागोमध्ये त्यांनी पाद्र्यांनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल जाहीर माफी मागितली होती. त्या माफीवर या उत्तराने पाणी फिरवलं. मात्र त्यानंतरच्या पाच महिन्यांत जे घडलं, ते चर्चच्या इतिहासात क्वचितच घडलं असेल.

नेमकं प्रकरण काय होतं?

फर्नांडो करादिमा हे सँटियागोच्या श्रीमंत वस्तीतल्या एल बोस्के चर्चचे वजनदार पाद्री. त्यांच्या तालमीत तयार झालेले काही जण पुढे बिशप झाले. २०१० मध्ये काही पुरुष उघडपणे पुढे आले आणि करादिमांनी आपल्यावर अत्याचार केल्याचं त्यांनी सांगितलं. फेब्रुवारी २०११ मध्ये व्हॅटिकनने करादिमांना दोषी ठरवलं आणि उरलेलं आयुष्य प्रार्थना व प्रायश्चित्तात घालवण्याची शिक्षा दिली. देशाच्या कोर्टात मात्र कायद्याची मुदत उलटून गेल्यामुळे खटला टिकला नाही.

हुआन बारोस हे करादिमांच्या जवळच्या शिष्यांपैकी एक. अत्याचार होत असताना बारोस हजर होते आणि त्यांनी ते झाकले, असं पीडितांचं म्हणणं होतं. बारोस यांनी हा आरोप कायम नाकारला. तरीही २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ओसोर्नो शहराचे बिशप नेमलं. पदग्रहणाच्या दिवशी चर्चमध्येच निदर्शनं झाली. ओसोर्नोचे सामान्य श्रद्धाळू पुढे तीन वर्षं विरोध करत राहिले.

पोप यांनी भूमिका कशी बदलली?

इकिकेतल्या विधानानंतर बोस्टनचे कार्डिनल शॉन ओमॅली जाहीरपणे बोलले. ते तेव्हा पोप यांचे निकटचे सल्लागार, शिवाय बाल संरक्षण आयोगाचे प्रमुख होते. या शब्दांनी पीडितांना मोठी वेदना झाली, असं त्यांनी म्हटलं. कार्डिनलने पोपच्या विधानावर असं उघड बोलणं फार दुर्मीळ.

परतीच्या विमानात पोप यांनी ‘पुरावा’ या शब्दाबद्दल माफी मागितली. मात्र बारोस निर्दोष असल्याची खात्री त्यांनी पुन्हा बोलून दाखवली आणि एकही पीडित आपल्यापर्यंत आलेला नाही, असंही सांगितलं. काही दिवसांतच असोसिएटेड प्रेसने बातमी दिली की, पीडितांपैकी एक असलेले हुआन कार्लोस क्रूझ यांचं आठ पानी पत्र २०१५ मध्येच कार्डिनल ओमॅली यांच्या हाती देण्यात आलं होतं, ते पोप यांच्यापर्यंत पोहोचावं म्हणून.

त्याआधीच, जानेवारी संपता संपता, व्हॅटिकनने माल्टाचे आर्चबिशप चार्ल्स शिक्लुना यांना चौकशीसाठी पाठवण्याचं जाहीर केलं होतं. शिक्लुना आणि त्यांचे सहकारी जोर्डी बेर्तोमेउ यांनी ६४ जणांच्या साक्षी घेतल्या. अहवाल झाला सुमारे २,३०० पानांचा. एप्रिलमध्ये पोप यांनी चिलीच्या बिशपांना पत्र लिहून आपल्याकडून परिस्थिती समजून घेण्यात गंभीर चुका झाल्याचं कबूल केलं. महिनाअखेरीस तीन पीडितांना व्हॅटिकनमध्ये बोलावून त्यांचं म्हणणं ऐकलं. मे महिन्यात चिलीचे बिशप रोमला गेले आणि सर्वांनी राजीनामे देऊ केले. ११ जूनला बारोस यांचा राजीनामा मंजूर झाला. सप्टेंबरमध्ये करादिमांचं पाद्रीपदही काढून घेतलं गेलं.

चूक शब्दाची होती का?

माझ्या मते नाही. चूक क्रमाची होती.

तक्रार करणारा माणूस घेऊन येतो ती माहिती. तिची छाननी करणं, साक्षी घेणं, कागद तपासणं हे चौकशीचं काम. पुरावा त्यातून बाहेर येतो. ‘आधी पुरावा आणा, मग बघतो’ म्हणणारा प्रमुख चौकशीचं काम तक्रारदाराच्या गळ्यात टाकतो. ॲप बंद पडलं अशी तक्रार आली, तर कुठलीही शहाणी टीम ग्राहकाला कोडमधली नेमकी चुकीची ओळ शोधून आणायला सांगत नाही. ती स्वतः लॉग उघडते. इथे तर तक्रारदार त्या वेळी लहान किंवा कोवळ्या वयाचा होता, घटना बंद दाराआड घडली होती आणि नेमणुका, बदल्या, पत्रव्यवहार यांचे सगळे कागद चर्चच्याच कपाटात होते. पुरावा कुणाकडे मागायला हवा होता?

म्हणूनच या पाच महिन्यांतलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल कुठलं, तर शिक्लुना यांना पाठवणं. विमानातली माफी त्यापुढे किरकोळ. जानेवारीत ‘एकही पुरावा नाही’ होता आणि एप्रिलपर्यंत २,३०० पानं जमली. ही माणसं जानेवारीतही होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

खोट्या तक्रारींचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. आरोप झाला म्हणजे माणूस गुन्हेगार ठरत नाही, हे तत्त्व बिशपलाही लागू आहे. पण ते तत्त्व शिक्षा देण्याआधी आठवायचं असतं, चौकशी टाळण्यासाठी नाही. आरोप खोटा असेल तर तेही चौकशीतूनच सिद्ध होतं. शिवाय चौकशीआधीच तक्रारीला ‘बदनामी’ म्हणणं हासुद्धा निकालच झाला, फक्त दुसऱ्या बाजूने लागलेला.

आपल्याशी याचा संबंध काय?

चिलीच्या धक्क्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हॅटिकनमध्ये बाल संरक्षणावर जागतिक परिषद झाली. तिच्या आयोजन समितीत मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस होते. त्याच वर्षी मे महिन्यात पोप यांनी नवा नियम काढला. अत्याचाराची किंवा तो दडपल्याची माहिती मिळालेल्या पाद्र्याने ती चर्चच्या वरिष्ठांना कळवणं बंधनकारक झालं. सुधारणा मोठी, पण माहिती जाते ती चर्चच्याच आत. पोलिसांकडे जायचं की नाही, ते त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलं आहे.

भारतात हा कायदा स्पष्ट आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती ज्याला आहे, त्याने ती पोलिसांना दिलीच पाहिजे. इथे शब्द ‘माहिती’ आहे, ‘पुरावा’ नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला संरक्षणही आहे. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा कळवला नाही, तर कलम २१ नुसार संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चर्च, मठ, मदरसा, शाळा, वसतिगृह, क्रीडा प्रबोधिनी, कुणालाही यातून सूट नाही.

मग पोप यांना श्रेय द्यायचं की दोष?

दोन्ही. जगभरच्या कॅथलिकांच्या प्रमुखाने तीन महिन्यांत आपली चूक लेखी कबूल करणं सोपं नव्हतं. पुढे २०२१ मध्ये त्यांनी क्रूझ यांनाच बाल संरक्षण आयोगावर नेमलं. पण त्यासाठी ओसोर्नोच्या लोकांना तीन वर्षं निदर्शनं करावी लागली, एका कार्डिनलला उघड बोलावं लागलं आणि पत्रकारांना जुनं पत्र शोधून काढावं लागलं. प्रमुखाचं मन बदललं तरच न्याय मिळत असेल, तर ती व्यवस्था नव्हे. ज्या पीडिताचं पत्र कुठल्याच बातमीत येत नाही, त्याने काय करायचं?

त्यामुळे यापुढे एखाद्या संस्थेच्या प्रमुखाचं ‘आम्हाला तीव्र दुःख झालं आहे’ हे निवेदन मोबाइलवर दिसलं, तर त्यातला पश्चात्ताप मोजत बसू नका. फक्त दोन तारखा शोधा: तक्रार संस्थेकडे कधी आली आणि पोलिसांकडे कधी गेली. त्या दोन तारखांमधल्या अंतराची जबाबदारी त्या प्रमुखाची.