फाल्गुन संपायच्या आत सायकल बाहेर काढा

पुणेकर मंडळी,

पार्किंगच्या कोपऱ्यात, जिन्याखाली किंवा गॅलरीत धूळ खात उभी असलेली तुमची सायकल या आठवड्यात बाहेर काढा. मुलांच्या परीक्षा होऊ देत, मार्चअखेरची कामं उरकू देत, मग बघू, असं म्हणाल तर याही वर्षी ती तिथंच राहील. हातात दिवस थोडे आहेत, म्हणून ही घाई.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात येतो. देशावर सायकल चालवणाऱ्याला मात्र खरा वसंत माघ-फाल्गुनातच मिळतो आणि चैत्राचं ऊन तापायला लागलं की तो संपतो. डिसेंबर-जानेवारीत सात वाजेपर्यंत धड उजाडत नाही. हँडलवरची बोटं गारठतात. नदीकाठच्या रस्त्यांवर धुरकं जमिनीलगत बसून राहतं, कारण खालची हवा थंड आणि वरची उबदार असली की धूर वर चढतच नाही. एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच ऊन चटके देतं आणि दुपारी पारा अडतीस-चाळिसापर्यंत जातो. जूनमध्ये पाऊस येतो आणि खड्डे पाण्याखाली दडतात. सायकलसाठी उरतात ते हे काही आठवडे. सकाळी पावणेसातला चांगलं दिसायला लागलेलं असतं, हवेत गारवा असतो पण अंग आखडत नाही, वारा पडलेला असतो आणि रस्ते कोरडे असतात.

आणि काय सकाळी असतात या! शहरात टॅबेबुयाच्या गुलाबी फुलांचा सडा पडलेला असतो. कडुनिंब मोहरतो आणि त्याचा गोडसर वास गल्लीच्या तोंडापासून यायला लागतो. शहर ओलांडून मुळशीच्या अंगाने थोडं पुढं गेलात तर पळस, पांगारा, काटेसावर एकापाठोपाठ एक दिसतात आणि कुसुमाची पालवी इतकी लाल असते की लांबून फुलंच वाटावीत. चारचाकीच्या बंद काचेतून यातलं निम्मंही पोचत नाही. सायकलचा वेग असा आहे की झाड दिसतं, त्याचा वास येतो आणि त्यावरचा पक्षीही ऐकू येतो.

आत्ताच सुरुवात करण्यामागे शरीराचाही हिशोब आहे. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण दोन आठवडे लागतात. फाल्गुनात रोज अर्धा तास सायकल चालवणाऱ्याचे पाय आणि दम चैत्रापर्यंत तयार झालेले असतात, मग तो वेळ थोडी अलीकडे ओढून उन्हाळाभर चालवू शकतो. एप्रिलच्या मध्यावर पहिल्यांदा सायकलवर बसणारा मात्र घामाघूम होऊन तीन-चार दिवसांत हात टेकतो आणि ‘आपलं हे काम नाही’ असं ठरवून टाकतो. दोष त्याच्या पायांचा नसतो, सुरुवात करायला चुकीचा महिना निवडलेला असतो. जिममधल्या जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलने पाय मजबूत होतात हे मान्य. पण रस्त्यावरचा तोल, समोरून येणाऱ्या रिक्षाचा अंदाज, चढावर गिअर कधी बदलायचा याची समज, हे सगळं बाहेरच शिकायला मिळतं.

हवामानाचं झालं. दुसरं कारण मला त्याहून तातडीचं वाटतं.

महापालिकेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणजे पुढच्या वर्षी कुठल्या कामाला किती पैसे द्यायचे ते या दिवसांत ठरत असतं. एप्रिल-मे हा रस्त्याच्या कामांचा हंगाम, कारण पावसाळा तोंडावर आला की खोदाई थांबवावी लागते. सायकलच्या वाटेवर दुभंगलेली फरशी, मध्येच उभा केलेला विजेचा डीपी, उतार न ठेवता संपलेला कठडा या गोष्टी दुरुस्त व्हायच्या असतील तर त्या आत्ता दिसल्या पाहिजेत, आत्ता कळवल्या गेल्या पाहिजेत. जूनमध्ये केलेली तक्रार पुढच्या हिवाळ्यापर्यंत कागदावर राहते. आणि या अडचणी गाडीतून जाणाऱ्याला दिसतच नाहीत, त्या सायकलच्या चाकालाच कळतात.

पुण्याने डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचं सायकल मार्गांचं जाळं त्यात मांडलेलं आहे. त्याआधी २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी आली, तेव्हाही रस्त्याकडेला सायकलसाठी वेगळी वाट आखली गेली. म्हणजे या शहराने सायकलचा विचारच केला नाही असं म्हणता येणार नाही. पण आज त्या वाटांवर काय आहे ते एकदा डोळे उघडे ठेवून पाहा. कुठे दुचाक्या लावलेल्या, कुठे टपरी, कुठे बांधकामाची वाळू, आणि प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी वाट तुटलेली. कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं: सायकली आहेत कुठे? या प्रश्नाला उत्तर द्यायचं असेल तर रस्त्यावर सायकली दिसायला हव्यात. सकाळी आणि संध्याकाळी, रोज. रिकामी वाट कुणीही बळकावतं. जिच्यावरून दर दोन मिनिटांनी घंटी वाजवत कुणी जातं, तिच्यावर गाडी लावायला माणूस कचरतो.

सुरक्षिततेचंही तसंच आहे. चालकाच्या डोळ्याला ज्याची सवय असते तेच तो बघतो. ज्या रस्त्यावर रोज शंभर सायकली जातात, तिथं वळण्याआधी गाडीवाला सायकलकडे पाहायला शिकतो. म्हणून एकट्याने जाऊ नका, शेजाऱ्याला बरोबर घ्या. मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, अंगात उजळ रंगाचे कपडे आणि डोक्यावर हेल्मेट, यात हयगय नको.

या शहराला सायकल नवीन नाही, हे जुन्या पुणेकरांना सांगायची गरज नाही. खडकीच्या कारखान्यांची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून वाहायचा. सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असायचा. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट सापडलात तर पोलीस अडवायचे. १९७२ मध्ये लूना मोपेड बाजारात आली आणि सायकलवाल्यांना पायडलसकट इंजिन मिळालं, मग स्कूटर, मग मोटारसायकल. शहरही पसरलं. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं हद्दीत आली, अंतरं वाढली. वाघोलीहून हिंजवडीला सायकलने नोकरीला जा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण आपली सगळीच कामं हिंजवडीला नसतात. भाजी, बँक, वाचनालय, क्लास, दवाखाना, मावशीचं घर, ही बहुतेक ठिकाणं तीन-चार किलोमीटरच्या आत असतात. तेवढ्या अंतराला सायकलने पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि गाडी लावायला जागा शोधावी लागत नाही.

मी ‘सायकल बाहेर काढा’ म्हणते ते तुम्हा-आम्हाला. काही माणसं सायकलवरून कधी उतरलीच नाहीत. पहाटे पेपर टाकणारा मुलगा, रात्रपाळीचा वॉचमन, बांधकामावर जाणारा गवंडी, कॅरिअरला डबा बांधून वसाहतीत कामाला येणाऱ्या ताई. त्यांच्या सायकलला ना गिअर आहे ना दिवा, आणि भर वाहतुकीतून जाण्यावाचून त्यांना दुसरा मार्गही नाही. सायकलची वाट आधी त्यांच्या हक्काची आहे. त्यांना कुणी विचारत नाही, कारण त्यांच्याकडे पत्र लिहायला वेळ नसतो आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेणारं कुणी नसतं. तुम्ही सायकलवर आलात तर त्यांची अडचण तुमची होईल, आणि तुमचं म्हणणं ऐकलं जातं. सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना हात जोडून विनंती आहे की तळमजल्यावरचा सावलीतला एक कोपरा सायकलींसाठी मोकळा करा आणि तिथं कामाला येणाऱ्यांच्या सायकलीही लावू द्या. फाटकाबाहेर उन्हात नकोत.

आता सायकलकडे वळू. दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघा. हवा गेली म्हणजे पंक्चर झालं असं नाही, ट्यूबच्या रबरातून हवा हळूहळू झिरपतच असते. पण हवा नसलेल्या टायरवर सायकल महिनोन्महिने उभी राहिली तर टायरच्या बगलेला दुमड पडते आणि तिथं बारीक चिरा जातात. चिरेतून आतले धागे दिसत असतील तर टायर बदला, इथं काटकसर करू नका. चाक उचलून फिरवा. ते डोलत ब्रेकला एकाच ठिकाणी घासत असेल तर आउट काढावा लागेल. ब्रेकची रबरं पडून पडून कडक होतात, गुळगुळीत चकाकायला लागली असतील तर नवी टाका. चेनवर तांबूस गंज चढला असेल तर डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने ती पुसा, कोरडी होऊ द्या, एकेका कडीवर तेलाचा थेंब सोडा आणि वरचं जादा तेल पुसून घ्या. जादा तेलावर धूळ बसते आणि ती दाते झिजवते.

हे जमत नसेल तर कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, आणि जमत असलं तरी एकदा न्याच. तो ट्यूब पाण्याच्या घमेल्यात वीत वीत बुडवत फिरवतो. बुडबुडा दिसला की तिथं बोट दाबून धरतो, जागा पुसून पॉलिश पेपरने घासतो, सोल्युशन लावून फुंकर घालत वाळू देतो आणि मग ठिगळ चिकटवतो. या कामाचे त्याला मिळतात ते थोडेच पैसे. अशी दुकानं एकेक करून बंद होत आहेत. शेवटचा दुरुस्तीवाला उठून गेला तर पंक्चर झालेली सायकल ढकलत न्यायची कुठे? त्याला या महिन्यात काम मिळू द्या.

बायकांना वेगळं सांगावंसं वाटतं. कॉलेजला सायकलवर जाणाऱ्या मुलींनी पुण्याचे रस्ते भरलेले असायचे. त्यातल्या कितीतरी जणी आज पन्नाशीत आहेत आणि लग्नानंतर सायकलला हात लावलेला नाही. तोल विसरला असेल अशी भीती वाटते, लोक काय म्हणतील असंही वाटतं. तोल विसरत नाही. सीट थोडी खाली घ्या, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी, आणि सोसायटीच्या आवारात चार फेऱ्या मारा. सलवार-कमीज असेल तर ओढणी कमरेला घट्ट बांधा, ती चाकात जाऊ देऊ नका. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. तुम्हाला मंडईपर्यंतच जायचं आहे. गुडघे, रक्तदाब, हृदय यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि ते सांगतील तेवढंच करा.

गाडी चालवणाऱ्यांकडे मागणं थोडकं आहे. सायकलच्या मागे येऊन हॉर्न वाजवू नका, दचकून तोल जातो. ओलांडताना निदान दीड मीटर अंतर सोडा. रस्त्याकडेला थांबल्यावर दार उघडायच्या आधी मागे वळून बघा, उघडलेल्या दारावर आदळून सायकलवाल्याचा जीव जाऊ शकतो. आईवडिलांनो, दहावी-बारावीच्या मुलांनाही संध्याकाळी अर्धा तास सायकलवर सोडा. अभ्यास बुडणार नाही.

येत्या शनिवारी सायकल दुरुस्तीला टाका. रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमाराला पाण्याची बाटली घेऊन निघा, पहिल्या दिवशी पाच किलोमीटर पुष्कळ झाले. सरावलेल्यांनी खडकवासल्यापर्यंत जावं, पण ऊन चढायच्या आत परतावं. सोमवारपासून घरातलं निदान एक काम रोज सायकलने करा. जाता-येता जिथं वाट अडलेली दिसेल त्या जागेचा मोबाइलवर फोटो काढा, जवळची खूण लिहून ठेवा आणि ३१ मार्चच्या आत आपल्या क्षेत्रीय कार्यालयात आणि नगरसेवकाकडे लेखी पत्र द्या. पत्रावर शेजाऱ्यांच्या, वॉचमनच्या आणि कामाच्या ताईंच्याही सह्या घ्या. आणि पत्र दिल्यावर त्याची पोच मागून घ्या.