आकाशातून बघायची एवढी घाई कशाला?

हल्ली कुठल्याही लग्नाचा, जत्रेचा नाहीतर गडाचा व्हिडिओ लावा, पहिल्या दहा सेकंदांत ड्रोन येतोच. सूंऽऽ करत वर जातो, गर्रकन वळतो, नवरा-नवरीभोवती दोन प्रदक्षिणा घालतो आणि शेवटी ढगांकडे तोंड करून थांबतो. मागे ढोल-ताशे. सगळं बघून झाल्यावर कुणालाही विचारा, मंडप कुठल्या गल्लीत होता, पलीकडे डोंगर होता की खाडी... एकालाही सांगता येणार नाही. माझं मत विचाराल तर यात यंत्राचा दोष फार थोडा आहे. ड्रोनच्या पोटाखाली कॅमेरा ज्या तीन आसांच्या गिंबलवर टांगलेला असतो, तो गिंबल बहुतेक हादरे गिळून टाकतो. दोष आहे तो उडवणाऱ्याच्या घाईचा आणि शटरचा. (शटर हा शब्द वाचून नातेवाईक मंडळींनी पान बंद करू नये, सोपं करून सांगतो.)

हा विषय निघाला त्याचं कारण घरचंच आहे. खारेगावातली आमची जुनी इमारत आता पुनर्विकासाला जाणार. पुण्याच्या आणि न्यू जर्सीच्या भावंडांचं फर्मान आलं, की पाडायच्या आधी वरून एकदा नीट शूटिंग करून ठेवा. भाच्याकडे छोटा ड्रोन आहे. त्याने एका दुपारी काम उरकलं आणि मोठ्या उत्साहाने डोंबिवलीला आत्याच्या टीव्हीवर लावून दाखवलं. आत्या त्या इमारतीत चाळीस वर्षं राहिली. तिने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "चक्कर येते रे. आणि माझी गच्ची कुठे गेली?" गच्ची होती हो, सव्वा सेकंद होती! भाच्याचं उत्तर तयार, "मामा, ड्रोनचं असंच असतं. हळूहळू उडवलं तर बघणार कोण?"

मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगायचंय.

आधी शटर. डोळ्यांसमोर हात जोरात हलवून बघा. बोटं स्वच्छ दिसत नाहीत, पुसट पट्टा दिसतो. हलणारी वस्तू थोडी पुसट दिसणं ही डोळ्याची सवय आहे. व्हिडिओ म्हणजे एका सेकंदात २५ स्थिर चित्रं (आपल्याकडे टीव्हीची पद्धत पहिल्यापासून २५ चित्रांची). प्रत्येक चित्र घेताना शटर साधारण १/५० सेकंद उघडं राहिलं, म्हणजे दोन चित्रांमधल्या वेळेच्या निम्मा वेळ, तर हालचालीत तो ओळखीचा पुसटपणा उतरतो आणि चित्रं एकमेकांत विरघळतात. सिनेमावाले हे फार पूर्वीपासून पाळत आलेत. पण भर दुपारी ड्रोन स्वयंचलित सेटिंगवर सोडून दिला तर काय होतं? त्याच्या छोट्या भिंगाचं छिद्र बहुतेक वेळा कायमचं मोठं असतं, लहान करता येत नाही. समजा ते एफ २.८ आहे. कडक उन्हात, आयएसओ १०० वर, त्याला शटर १/३२०० सेकंदापर्यंत न्यावं लागतं. मग प्रत्येक चित्र सुरीने कापल्यासारखं धारदार येतं आणि एका चित्रावरून पुढच्या चित्रावर जाताना डोळा ठेचकाळतो. आत्याला चक्कर आली ती निम्मी यामुळे.

यावर उपाय स्वस्त आहे. एनडी फिल्टर म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगल. १/३२०० चं १/५० करायचं तर उजेड चौसष्टपट कमी हवा, म्हणून ६४ नंबरचा फिल्टर. सकाळी कोवळ्या उन्हात १६ चा किंवा ८ चासुद्धा पुरतो. आणि हो, सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं ठेवायचा मोह रात्री तरी टाळा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा उजळतात-मंदावतात. शटर १/५० असेल तर ते कॅमेऱ्याला कळत नाही. १/६० केलं की रस्त्यावरचे दिवे फडफडायला लागतात, चित्रावर काळे पट्टे सरकतात. गणपतीच्या रोषणाईचे असे किती व्हिडिओ बघितले असतील मी!

पण नुसता गॉगल लावून भागत नाही. खरी भानगड वेगाची आहे.

इथे एक प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. 'नैसर्गिक दिसणारं' म्हणजे नक्की काय? माणूस काही उडत नाही. दीडशे फुटांवरून खारेगाव बघायची आपल्या डोळ्याला मुळात सवयच नाही, मग तिथलं काय नैसर्गिक आणि काय कृत्रिम? भाच्याचा मुद्दाही हाच होता आणि मुद्दा बिनतोड होता. उत्तर मला लोकलच्या दारात मिळालं. (कळव्याच्या माणसाला सगळी उत्तरं तिथेच मिळतात. आत शिरायला जागा मिळाली तर आणखी मिळतील!)

ठाणं सोडून गाडी खाडीवर आली की बघा. जवळचे खांब सटासट मागे पळतात, पलीकडची तिवरं सावकाश सरकतात आणि पारसिकचा डोंगर जवळजवळ जागचा हलत नाही. गाडी वळवळत नाही, मध्येच मान फिरवत नाही, वेग हळूहळू घेते आणि हळूहळू सोडते. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली आणि १ मे १८५४ ला हीच खाडी ओलांडून कल्याणला पोचली. म्हणजे आपली माणसं गेली पावणेदोनशे वर्षं खिडकीतून हाच एक लांबलचक शॉट बघत आलीत. सिनेमावाले कॅमेरा रुळांवरच्या गाडीवर ठेवून जे करतात, ते आपल्याला तिकिटात मिळतं. डोळ्याला नैसर्गिक वाटतं ते वजनदार वस्तूचं चालणं. वजन असलेली वस्तू झटक्यात निघत नाही आणि झटक्यात थांबत नाही. कळव्यावर घिरट्या घालणारी घारसुद्धा तशीच. अंग तिरकं होतं, शेपूट सुकाणूसारखी फिरते, पण डोकं स्थिर. झटके माशीचे असतात. आता भाच्याचा व्हिडिओ कुणाच्या डोळ्यांनी घेतला होता ते तुम्हीच ठरवा.

म्हणून माझे आग्रह असे. 'स्पोर्ट' मोडला हात लावू नये. त्यात हे खेळणं तासाला पन्नास-साठ किलोमीटरने पळतं. 'सिने' मोड ठेवावा, त्यात स्टिकचा प्रत्येक झटका मवाळ होतो. जागच्या जागी गिरकी तर अगदीच टाळावी. आणि घ्यायचीच असेल तर जुन्या छायालेखकांचा आडाखा लक्षात ठेवावा, की चौकटीच्या एका कडेला दिसलेली वस्तू दुसऱ्या कडेला जायला सात सेकंद तरी लागावेत. सात सेकंद मोजून बघा, फार मोठे असतात. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पाच सेकंद काहीच करू नये, थांबल्यावर पुन्हा पाच सेकंद तसंच राहू द्यावं.

उंचीबद्दल तर माझं मत भाच्याच्या बरोबर उलटं आहे. त्याला वाटतं जितकं वर तितकं भव्य. एकशेवीस मीटरवरून कळवा नकाशासारखं सपाट दिसतं, पुढे सरकलेलं जाणवतच नाही, म्हणून मग माणूस वेग वाढवतो. तेच गच्चीच्या वर दहा-बारा मीटरवर या. पाण्याची टाकी जवळून सरकते, मागची नारळाची झाडं हळू सरकतात, त्यामागे डोंगर उभा. भराभर चालणाऱ्या माणसाचा वेग इथे पुरतो, आणि इमारतीची उंची, गल्लीची रुंदी, सगळं कळतं. लोकलच्या दाराचाच हिशेब!

आणि सर्वात चांगला शॉट मला विचाराल तर न हलणारा. ड्रोन हवेत टांगून ठेवायचा आणि खालचं हलू द्यायचं. वाळत घातलेल्या साड्या, शाळेला निघालेली पोरं, खाडीवरून जाणारे बगळे, दूर पुलावरची लोकल. उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून काढलेल्या गडकिल्ल्यांच्या फोटोंचं 'महाराष्ट्र देशा' हे पुस्तक २०१० साली आलं. राजकारण घटकाभर बाजूला ठेवा. ते फोटो घरोघरी लोक किती वेळ बघत बसायचे! तटबंदी कुठून वळली, टाकं कुठे, वाट कुठे, बोट ठेवून दाखवायचे. कारण चित्र पळून जात नव्हतं. आज तेवढी उंची पाव किलोच्या यंत्राने मिळते, आणि आपण ते कुणाला बोट ठेवू देत नाही.

वेळही महत्त्वाची. दुपारी खाडीवरून वारा सुटतो. ड्रोन तोल सांभाळायला वाकतो, आणि कधी पंख्याचं पातं चौकटीत डोकावतं. सूर्याकडे तोंड केलं तर पात्यांच्या सावल्या भिंगावर पडून चित्र लुकलुकतं. सूर्योदयानंतरचा अर्धा-पाऊण तास वारा बहुधा पडलेला असतो, सावल्या लांब असतात आणि लोकांची वर्दळही खरी असते. भाच्याला सकाळी सहाला उठवणं हे मात्र कुठल्याही फिल्टरचं काम नाही.

नियमांचं थोडक्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला, धंद्यासाठी वापरत नसाल तर, वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि हिरव्या क्षेत्रात कमाल उंची चारशे फूट. पण क्षेत्र हिरवं आहे की नाही ते दर वेळी सरकारी नकाशावर तपासावं, शिवाय पोलिसांचे मनाई आदेश अधूनमधून निघत असतात, तेही बघावेत. कळवा कारशेड आणि रेल्वेचे रूळ यांच्या वाटेला जाऊच नये. खाली ऐरोलीच्या पुढे ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे (२०१५ चं, आणि २०२२ पासून रामसर यादीतही). तिथे गुलाबी थवा उठवून घेतलेला शॉट कितीही मुलायम असला तरी मी बघणार नाही. चिखलात खात असलेले पक्षी घाबरून उडाले, याला देखावा म्हणायचं?

आता बघणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण सगळी मेहनत शेवटी त्यांच्या दिवाणखान्यात वाया जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की तो दाबून बारीक होतो. झाडांच्या पानांचा लगदा होतो आणि खाडीचं पाणी चौकोनी दिसतं. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सरळ पेनड्राइव्ह. आणि नव्या टीव्हीत चित्र 'गुळगुळीत' करणारी एक सोय असते, ती दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरं चित्र घुसवते. सेटिंगमध्ये 'मोशन' असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. ती बंद करा. न्यू जर्सीवाल्यांनी तर आधी करा, तुमच्याकडचा टीव्ही सगळ्यात मोठा आहे.