वाडीची शाळा राखूया

30 सप्टेंबर ही तारीख गणपती-नवरात्राच्या धामधुमीत कुणाच्या ध्यानात राहत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेचं पुढचं वर्ष मात्र त्याच दिवशी ठरतं. त्या तारखेला पटावर जेवढी मुलं, त्यावर संचमान्यता. आणि संचमान्यतेत जेवढी पदं, तेवढे शिक्षक. एखाद्या मुलाचं आधार जुळलं नाही, तर ते रोज वर्गात बसत असूनही या हिशेबातून गळतं. दोनशे मुलांच्या शाळेला एका मुलाच्या गळतीने फार फरक पडत नाही. अकरा मुलांच्या वाडीशाळेत त्या एका मुलावर सगळी शाळा तोललेली असते.

2023 साली सरकारने अशा शाळांची मोजदाद मांडली. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या 14,783 शाळा, त्यांत 1,85,467 मुलं आणि 29,707 शिक्षक. नंदुरबारमधल्या तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातल्या पानशेतच्या धर्तीवर या शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असं पत्र त्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तालयातून निघालं. राज्यभरातून विरोध झाला. मग मार्च 2024 मध्ये संचमान्यतेचे निकष बदलले आणि वीसच्या आत पट असलेल्या सहावी ते आठवीच्या वर्गांना नियमित शिक्षक मिळणंच अवघड होऊन बसलं.

शाळा बंद पाडायला बंद करण्याचा आदेश लागत नाही, हे आम्ही कोकणातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. घाटावरचे गुरुजी आंतरजिल्हा बदलीने आपल्या गावी जातात. जागा रिकामी राहते. उरलेला एक शिक्षक पहिली ते पाचवी एकटा सांभाळतो, त्यातून मतदारयादी, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती आणि पोषण आहाराच्या नोंदी. महिन्यातले चार-पाच दिवस तर तो तालुक्याला असतो. मुलांचं वाचन मागे पडतं, ते पाहून दोन घरं आपली मुलं खासगी शाळेच्या पिवळ्या व्हॅनमध्ये बसवतात. पट आणखी घटतो. पुढच्या वर्षी कागद सांगतो की या शाळेला मागणीच नाही. मागणी नव्हती म्हणून शिक्षक गेला नाही. शिक्षक गेला म्हणून मागणी गेली. हा क्रम उलटा सांगितला जातो, आणि आपण तो मुकाट ऐकून घेतो.

शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं ठरवलं आहे. सरळ रस्त्यावर किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण आमच्या वाड्या डोंगराच्या सोंडेवर सुट्यासुट्या पसरलेल्या. दोन वाड्यांच्या मध्ये वहाळ असतो, वहाळावर साकव, आणि जुलैच्या एखाद्या रात्री तो साकव पाण्याखाली जातो. सहा वर्षांच्या मुलाने तो ओलांडून केंद्रशाळेत जावं असं म्हणणाऱ्याने एकदा भर पावसात त्या वाटेने चालून पाहावं. प्रवासासाठी समग्र शिक्षा योजनेत मुलामागे वर्षाला 6,000 रुपयांपर्यंतची तरतूद आहे खरी, पण जिथे गाडीच येत नाही तिथे त्या पैशाने काय भाड्याने घ्यायचं? लांब जावं लागलं की आधी मुलगी घरी राहते. भाऊ जातो, तिच्या कडेवर धाकटं येतं. असं होऊ नये म्हणून तर वाडीवस्तीवर शाळा आल्या. अण्णासाहेब कर्वे तरुणपणी परीक्षेला बसण्यासाठी मुरुडहून घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. तशी पायपीट पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये, यासाठी पुढच्या पिढ्यांनी श्रमदान केलं, जागा दिल्या, कौलं वाहिली. आज ज्या भिंतींना आपण सरकारी म्हणतो, त्यांतल्या कितीतरी गावकीने उभ्या केल्या आहेत.

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी सगळा वाद तिथेच येऊन थांबतो. एका शिक्षकामागे सहा मुलं म्हणजे उधळपट्टी, असा हिशेब मांडला जातो. भागाकार बरोबर आहे. पण त्याच शाळेच्या हाती वर्षभरासाठी काय येतं तेही मांडा. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेचं संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 10,000 रुपये, म्हणजे महिन्याला साडेआठशेसुद्धा नाहीत. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. उरलेल्यात वीजबिल, खडू, कागद, पावसाळ्यापूर्वी फुटक्या कौलांची डागडुजी आणि नळाची तोटी. तेही पैसे बऱ्याचदा वर्ष संपत आलं की येतात, तोवर गुरुजींच्या खिशातून चालतं. बिल थकून मीटर काढून नेलेल्या शाळेत मग संगणक झाकून ठेवलेला दिसतो. शाळा बंद केल्याने सरकारचे जे पैसे वाचतात ते कुठे हवेत विरत नाहीत. ते व्हॅनचं भाडं होऊन, बुडालेली मजुरी होऊन, शाळा सुटलेल्या मुलीचं आयुष्य होऊन त्याच वाडीच्या डोक्यावर येतात. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे रयतेच्या करातून रयतेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मिळालं पाहिजे, हीच मागणी मांडली होती. ती मागणी अजून पुरी झालेली नाही.

एक गोष्ट मात्र सरळ कबूल करायला हवी. चार-पाच मुलांच्या शाळेत मुलाला बरोबरीचा सोबती नसतो, खेळायला संघ होत नाही, वादाला दुसरी बाजू नसते. ही उणीव खरी आहे. ती भरून काढायला आठवड्यातला एखादा दिवस केंद्रातल्या शेजारच्या शाळांनी एकत्र यावं. खेळ, विज्ञानाचे प्रयोग, नाटक आणि वाचनाचा तास सामाईक ठेवावा, आणि त्या दिवसाच्या गाडीचा खर्च शासनाने करावा. रोजची अक्षरओळख आणि बेरीज-वजाबाकी मात्र घराजवळच झाली पाहिजे. ज्या शाळेच्या पटावर खरंच एकही मूल उरलेलं नाही, तिथे कुलूप लागलं तर माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती सात मुलं वर्गात बसलेली असताना कुलूप शोधण्याबद्दल.

आणि शिकवणं होत नाही म्हणून लोक जातात, या बोलण्यात तथ्य असलं तरी तो या शाळांचा विधिलेख नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटात जिल्हा परिषदेच्या साध्यासुध्या शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने मुलांना वाचतं-लिहितं केलं. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले आणि त्याच अनुभवाच्या बळावर 2015 चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम उभा राहिला. शिरूर तालुक्यातल्या कर्डेलवाडीची शाळा सुट्टी न घेणारी शाळा म्हणून ओळखली गेली. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पटाअभावी बंद पडण्याच्या बेताला आली होती. 2025 साली जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांमध्ये तिने कम्युनिटी चॉइसचा मान मिळवला. देशपातळीवरही ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणाऱ्यांचं प्रमाण 2022 मध्ये 16.3 टक्के होतं, ते 2024 मध्ये 23.4 टक्क्यांवर गेलं. आकडा अजून लाजिरवाणा आहे, हे मी झाकणार नाही. पण लक्ष घातलं की दोन वर्षांत तो हलतो, हेही त्यातूनच दिसतं.

मग लक्ष कुणी घालायचं? 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका रखडल्या आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. शाळांचे प्रश्न विचारायला शिक्षण समितीत निवडून आलेला माणूसच नव्हता. समूह शाळांचं पत्र आणि बदललेले निकष याच काळात आले. वर विचारणारं कुणी नसताना खाली तरी असायला हवं होतं, आणि कायद्याने तशी सोय केलेली आहे. तिचं नाव शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, अध्यक्ष पालकांमधलाच असतो. शाळेच्या पैशाचा विनियोग पाहणं, शाळेचा विकास आराखडा तयार करणं, शिक्षक वेळेवर येतात की नाही यावर नजर ठेवणं ही तिची कामं कायद्यात लिहिलेली आहेत. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी इतिवृत्ताची वही घरोघर फिरते आणि सह्या गोळा होतात. सही करणाऱ्या आईला ती कुठल्या ठरावाखाली सही करते आहे हे कुणी वाचून दाखवत नाही. शाळा वाचवायची सुरुवात या वहीपासून करा, असं मी म्हणतो.

पालकांनो, दर महिन्याच्या बैठकीला शाळेत जाऊन बसा. अनुदान किती आलं, कधी आलं, कशावर गेलं, एवढं विचारा. गुरुजींना कैचीत धरायला नव्हे, त्यांच्या पाठीशी उभं राहायला विचारा. बऱ्याच वेळा तेच सर्वांत एकटे असतात. आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार असायला हवा; त्यात पहिली मागणी रिकाम्या शिक्षकपदाची लिहा. सप्टेंबर उजाडण्याआधी प्रत्येक मुलाचं आधार जुळलं की नाही ते तपासून घ्या. मुलाला व्हॅनमध्ये बसवण्याआधी त्याच्याकडून घरी एक पान वाचून घ्या, आणि व्हॅनमधून जाणाऱ्या शेजारच्या मुलाकडूनही घ्या. मग ठरवा.

सरपंचांनो, वित्त आयोगाचा बराच मोठा वाटा थेट ग्रामपंचायतीकडे येतो. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात शाळेचं छप्पर, पाणी आणि मुलींचं स्वच्छतागृह धरता येतं. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत, झेंडावंदनाची गर्दी पांगण्यापूर्वी, शाळा चालू ठेवण्याचा आणि पद भरण्याचा ठराव घ्या आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकारी व मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे पोच घेऊन द्या. पोच फार महत्त्वाची. पोच नसलेला अर्ज कार्यालयात नसतोच.

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या चाकरमान्यांनो, तुमच्या मंडळांनी गावच्या देवळांचे जीर्णोद्धार केले, सभामंडप बांधले, शिमग्याला एस.टी. भरभरून गावी आलात. तुमच्यातले बहुतेक याच दोन खोल्यांत मुळाक्षरं गिरवून मुंबईला गेलेत. शाळेला रंग लावून देणगीचा फलक लावू नका. तो खर्च नंतर करा. त्याऐवजी वाडीतल्या समितीला अर्ज लिहून द्या, माहिती अधिकारात पदांची माहिती मागवा, मंत्रालयात आणि आमदारांच्या दारात उभे राहा. वाडीतल्या शेतकऱ्याला दिवस बुडवून तिथवर येता येत नाही, तुम्हाला येता येतं.

आणि ज्यांच्या सहीने हे ठरतं त्या अधिकाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: कुठल्याही शाळेबद्दल निर्णय घेण्यापूर्वी तिची वाट पावसाळ्यात चालून पाहा, समितीचं म्हणणं लेखी घ्या आणि सलग दोन वर्षं पूर्ण शिक्षक देऊन पट काय होतो ते तपासा. तोवर एकही वाडीशाळा बंद करू नका, कुठल्याही नावाने करू नका.

यंदाची ग्रामसभा चुकवू नका. आपल्या वाडीच्या शाळेच्या पटावर मुलं आहेत, तिला शिक्षक द्या, एवढं एक वाक्य उभं राहून बोला आणि ते इतिवृत्तात लिहिलं गेलं की नाही ते पाहूनच घरी जा.