भिंतीवरची नोटीस आणि भिंतीतील भेग

मृग नक्षत्र जवळ आले की महानगरपालिकांना जुन्या इमारतींची आठवण होते. छत्रपती संभाजीनगरही त्याला अपवाद नाही. शहागंजच्या घड्याळ-मनोऱ्याभोवती पसरलेल्या बाजारपेठेत, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा जुन्या घरांच्या दारांवर नोटिसा झळकू लागतात. इमारत मोडकळीस आली आहे, ती उतरवून घ्यावी अथवा दुरुस्त करावी, अन्यथा होणाऱ्या हानीस आपण जबाबदार राहाल, असा त्यांचा ठराविक मजकूर असतो. पावसाळा सरतो, कागद भिजून गळून पडतो आणि पुढील वर्षी नवा कागद लागतो. या वार्षिक उपचारात ज्याच्या सहीला सर्वाधिक किंमत आणि ज्याच्या म्हणण्याला सर्वांत कमी किंमत, असा एक माणूस असतो; तो म्हणजे इमारतींची पाहणी करणारा ज्येष्ठ निरीक्षक.

त्याची विद्या वरवर साधी दिसते. ओळंबा, हातोडी, फूटपट्टी आणि विजेरी एवढ्या सामग्रीवर तिचा संसार चालत आला. भेग उभी आहे की तिरपी, ती जुनी आहे की अजून वाढते आहे, हे त्याला ठरवायचे असते. त्यासाठी तो भेगेवर काचेची पट्टी पक्की बसवतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा येतो. काच तडकली असेल तर भिंत अद्याप हलते आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. गिलाव्यावर हातोडी टेकताच येणारा बद्द आवाज, भिंतीत शिरलेल्या तुळईचे ओलीने कुजलेले टोक, स्लॅबखाली गंजून फुगलेले गज, या खुणा ओळखायला उमेदीची वीस-पंचवीस वर्षे खर्ची पडतात. आता काँक्रीटची ताकद अजमावणारी यंत्रे आली आहेत; परंतु यंत्र नेमके कोठे लावायचे, हे अनुभवी डोळ्यालाच ठरवावे लागते.

शहागंजसारख्या वस्तीत तर या डोळ्याची कसोटीच लागते. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या या नगरात दगड, चुना, माती आणि सागवान यांची बांधकामे पिढ्यान्पिढ्या झाली. त्यावर पुढे सिमेंटचे मजले चढले. शेजारी-शेजारी घरांच्या भिंती सामाईक, त्यामुळे एक घर उतरवले की दुसऱ्याचा आधार जातो. त्यातच पाणीटंचाईने एक निराळे ओझे या छतांवर ठेवले आहे. नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या शहरात घरोघरी टाक्या आल्या. हजार लिटरची टाकी भरली की जुन्या तुळयांवर टनभर वजन पडते, याचा हिशेब कोणी केलेला नसतो. जड छत आणि कच्ची जोडणी यांचा मेळ किती घातक ठरतो, हे मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गमावून अनुभवले आहे.

कायदा नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार पडाऊ बांधकाम काढण्याचा वा सुरक्षित करण्याचा आदेश देता येतो. कलम २६५ अ नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. प्रश्न आहे तो ‘धोकादायक’ या एका शब्दाच्या तीन अर्थांचा. मालकाला तो शब्द भाडेकरूपासून सुटकेचा मार्ग वाटतो, भाडेकरूला तो बेघर होण्याचा हुकूम वाटतो आणि प्रशासनाला तो उद्याच्या चौकशीत दाखवायचा पुरावा वाटतो. भिंतीचे खरे दुखणे या तिघांच्या ओढाताणीत बाजूलाच राहते.

भाडेकरूची भीती अनाठायी नाही. मराठवाड्यात १९५४ च्या हैदराबाद भाडे नियंत्रण कायद्याने आणि पुढे १९९९ च्या महाराष्ट्र कायद्याने त्याला संरक्षण दिले. मालकाने दुरुस्ती टाळली तर ती स्वतः करून भाड्यातून वळती करण्याची मुभाही दिली. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापुरतीच. जुन्या बिऱ्हाडाच्या नाममात्र भाड्याच्या चौथ्या हिश्शात एक तुळईसुद्धा बदलता येणार नाही. मालकालाही त्याच भाड्यात घर राखणे परवडत नाही. मुंबई शहरातील जुन्या चाळींसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर आणि दुरुस्ती मंडळ उभे राहिले. शहागंजच्या वाट्याला तसे मंडळ आले नाही.

निरीक्षकच मालकाशी संगनमत करून चांगल्या घरांना धोकादायक ठरवितात, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा मानण्याचे कारण नाही. परंतु ज्याला एकट्याने सही करायची, एकट्याने दडपण सोसायचे आणि दुर्घटनेनंतर एकट्याने निलंबित व्हायचे, तो माणूस एक तर मोहाला बळी पडेल किंवा सुरक्षित राहण्यासाठी दिसेल त्या इमारतीवर नोटीस डकवेल. दोन्हींत नागरिकाचाच तोटा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मुंबईतील जीर्ण इमारतींबाबत घालून दिलेली पद्धत म्हणूनच मोलाची ठरते. परस्परविरोधी अहवाल आले तर तज्ज्ञ समितीने निर्णय द्यावा आणि इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातील जागा मोजून नोंदवावी, हे तिचे सूत्र आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्वाळा दिला. ही गोष्ट नोटिशीच्या कागदावर ठळक अक्षरांत छापली, तर कित्येक कुटुंबे पावसाआधी आपण होऊन बाहेर पडतील.

पाहणीचा मुहूर्तही बदलला पाहिजे. उन्हाळ्याच्या अखेरीस भिंती कोरड्या असतात आणि हाताशी वेळ नसतो. पावसाळा संपताच, ओल ताजी असताना पाहणी करावी. प्रत्येक घराची वही ठेवावी. भेग गतवर्षी केवढी होती आणि यंदा केवढी आहे, याची नोंद पुढच्या निरीक्षकाच्या हाती पडावी. आज अनुभवी माणूस निवृत्त झाला की अर्ध्या गावठाणाचे ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते. क्षेत्रमोजणीचा दाखला आणि तात्पुरत्या निवाऱ्याची सोय यांची जोड मिळाल्याखेरीज कोणत्याही नोटिशीला नैतिक बळ येणार नाही.

इमारत कोसळल्यावर ढिगारा उपसायला यंत्रे, जवान आणि मंत्री तातडीने येतात. त्याच्या आदल्या वर्षी मात्र तेथे हातोडी आणि काचेची पट्टी घेऊन एकच माणूस आलेला असतो. त्याचे तेव्हा ऐकले, तर पुढच्या गर्दीची गरज पडणार नाही.