घरचा छंद : कुंडीवरचं बाळंतपण



लहानपणी मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून तासन् तास उभे राहणाऱ्यांपैकी आम्ही. तो नाद ब्रॅकनेलला येऊनही सुटला नाही. ब्रिटनच्या हवामान खात्याचं मुख्यालय २००३ पर्यंत आमच्याच गावात होतं. पण आम्हाला काळजी बाहेरच्या हवेची नाही, मागच्या खोलीतल्या अ‍ॅमेझॉनची! तिथे पाणी बारा महिने २८-२९ अंश सेल्सिअस लागतं, कारण तिथे आमचे डिस्कस मासे राहतात. बशीसारखे गोल, चपटे, आणि दिवाळसणाच्या जावयासारखे रुसके.

डिस्कसचे नर-मादी दिसायला सारखेच. म्हणून पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवायची आणि जोडी त्यांची त्यांना जमवू द्यायची. पत्रिका बघायचं काम नाही. आमची पहिली जोडी अंडी घालायची, पण एक फळेल तर शपथ! पुढे कळलं, दोघीही माद्याच.

दुसरी जोडी खरी निघाली, तर पाण्याने दगा दिला. आपल्या भागातलं नळाचं पाणी कठीण. किटलीत पांढरा थर धरतो तो तुम्ही रोज बघताच. मोठे मासे त्याला सरावतात, पण अंडी फळायला मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाणी हवं. म्हणून सिंकखाली आर.ओ.चं यंत्र बसवलं. नुसतं आर.ओ.चं पाणी मात्र वापरू नये, त्यात क्षार जवळजवळ नसतात. क्लोरीन काढलेलं थोडं नळाचं पाणी मिसळावं.

वेगळ्या टाकीत, वाळू न घालता, मातीची कुंडी उपडी ठेवली. दोघांनी ती तोंडाने घासून लख्ख केली आणि मादीने तिच्यावर ओळीने अंडी घातली. ती फुटायला साधारण अडीच दिवस लागतात. पण सकाळी उठून पाहतो तो कुंडी रिकामी! आईबापांनीच खाऊन टाकली होती. असं दोनदा झालं. आता अंडी काढून घेऊन पिल्लं आपणच वाढवावीत, असं आमच्या मनाने घेतलं.

त्या सुमाराला साताऱ्याहून सासूबाई आल्या होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, बाळंतिणीच्या खोलीत कधी इतकी वर्दळ असते का? दर पाच मिनिटांनी तुमचा आपला तो टॉर्च!" त्यांनी आपलं जुनं सुती लुगडं टाकीच्या तीन बाजूंना गुंडाळलं आणि आम्हाला खोलीबाहेर काढलं. आम्ही भर घातली ती एवढीच, की रात्रभर एक मंद दिवा ठेवला. गुडुप अंधारात पिल्लांना आईबाप सापडत नाहीत.

तिसऱ्या खेपेला अंडी टिकली. फुटल्यावर दोन-तीन दिवस पिल्लं कुंडीलाच लोंबत होती. मग पोहू लागली ती थेट आईबापांच्या अंगाला बिलगली. डिस्कसच्या अंगावर सुटणारा चिकट स्राव हेच त्यांचं दूध, आणि ते बापही पाजतो बरं का! एक दमला की अंगाला झटका देतो, की सगळी पिलावळ दुसऱ्याच्या अंगावर. पाचव्या-सहाव्या दिवसापासून आम्ही मिठाच्या पाण्यात उबवलेले आर्टेमियाचे बारीक जीव घालू लागलो आणि रोज थोडं पाणी बदलत राहिलो.

प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. अंडी घातल्यावर या स्रावातली प्रथिनं आणि रोगप्रतिकारक द्रव्यं वाढतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला आईबाप आपणहून पिल्लांपासून लांब पोहू लागतात, असं त्यांना दिसलं. आमच्याकडेही अगदी तस्संच झालं. पिल्लं मागे, आई पुढे!

नेमका त्याच आठवड्यात आमचा थोरला युनिव्हर्सिटीला लीड्सला निघाला होता. सौ. चिवडा, लोणचं, मेतकूट यांचे डबे भरत होती. "नीट जेवशील ना? रोज फोन करशील ना?" चालूच होतं. सासूबाई टाकीपाशी बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अगं, या मासोळीला कळलं. तुला कधी कळायचं?"

सौ. काही बोलली नाही. चिवड्याचा एक डबा तिने परत फळीवर ठेवला. मेतकूट मात्र गेलंच.