काचतंतूचे कवच, आषाढाची ओल

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. या ६१ दिवसांत वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई येथील नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि त्यांची डागडुजीही तेव्हाच उरकली जाते. अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमध्ये लोंबकळणाऱ्या चाकरमान्याला घरापासून तीन-चार मैलांवर चाललेल्या या उद्योगाची खबरही नसते.

लाकडी होडीचे शास्त्र कोळीवाड्याला पिढ्यान्‌पिढ्या अवगत होते. फळ्यांच्या फटींत कापूस ठासावा, वर तेल-राळ द्यावी. होडी पाण्यात गेली की लाकूड फुगून उरलीसुरली फट मिटत असे. आता अनेक नौकांच्या तळांवर काचतंतूचे, किनाऱ्यावरच्या भाषेत ‘फायबर’चे, कवच चढले आहे, काही होड्या तर संपूर्ण त्याच्याच आहेत. हे कवच कुजत नाही, लाकूड पोखरणारा समुद्रातील किडा त्याला शिवत नाही, हे खरे. परंतु त्याच्या दुरुस्तीचे ओलीशी हाडवैर आहे. काचतंतूचे कापड ज्या रेझिनने चिकटवतात ते दमट हवेत नीट घट्ट होत नाही. ओल्या तळावर दिलेला थर जुन्याशी एकजीव झाल्यासारखा दिसतो आणि भर समुद्रात लाटांच्या माऱ्याने सुटतो. त्याहून वाईट म्हणजे लाकडात मुरलेले पाणी कवचाखाली कोंडते आणि बाहेरून चकचकीत रंगवलेला तळ आतून कुजत राहतो.

म्हणजे ज्या कामाला कोरडी हवा अपरिहार्य, ते काम वर्षातील सर्वांत दमट महिन्यांत, ताडपत्रीच्या आडोशाने! याला नाखव्याचा हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. फेब्रुवारीत नौका पंधरा दिवस किनाऱ्यावर ठेवली, तर खलाशांचा पगार आणि कर्जाचा हप्ता कोणी भरावयाचा?

नीट निगा राखली तर अशी नौका काय करू शकते, हे नौदलाच्या ‘तारिणी’ने दाखविले आहे. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेली ही शिडाची नौका २०१७ साली सेवेत दाखल झाली. तिचे अंगही लाकडी गाभ्याचे आणि काचतंतूच्या कवचाचेच. सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेल्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी अधिकारी त्याच, आता जुन्या झालेल्या नौकेतून जगाला वळसा घालून २९ मे २०२५ रोजी गोव्यास परतल्या. नौदलाची साधनसामग्री कोळीवाड्यापाशी नाही, हे उघड आहे. पण दोघांच्या तळाखालचे पाणी वेगळे नाही.

मासेमारी बंदरांच्या विकासाची भाषा सुरू झाली की जेट्टी, शीतगृह, लिलावगृह यांची नावे हमखास निघतात. पक्क्या छपराची, उंच ओट्याची, हवा खेळती राहील अशी दुरुस्तीची शेड प्रत्येक कोळीवाड्यास का नको? लाकडातील ओल मोजणारे हातात मावणारे यंत्रही मच्छीमार सोसायटीने घेऊन ठेवावे, एक पुरेल. आणि जुने कवच घासताना उडणारा काचेचा धुरळा व रेझिनची वाफ कारागिराच्या छातीत जाते, तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवीत नाही, याचाही विचार व्हावा.

शेडचे बांधकाम ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांतच होऊ शकते. जागेचा निर्णय मात्र त्याआधी व्हावा लागेल, कारण जूनमध्ये त्याच वाळूवर पुन्हा नौका ओढल्या जातील आणि नारळी पौर्णिमेनंतर त्यांतूनच माणसे खवळलेल्या समुद्रात जातील.