परीटघडी

दिवाळीच्या पहाटे अंगावर चढवलेला कडक इस्त्रीचा सुती सदरा फराळाची दोन घरे होईतो पाठीशी आणि कोपराशी पार चुरगळतो. मंडळी परटाच्या नावाने बोटे मोडतात. वास्तविक तो बिचारा रसायनशास्त्रच राबवीत असतो! तोंडात पाणी घेऊन तो कपड्यावर फवारा मारी (पाहणाऱ्याला ते रुचत नसे, हे खरे), त्यातच सारे मर्म आहे.

कापूस म्हणजे सेल्युलोज. ग्लुकोजच्या घटकांच्या लांबच लांब माळा. या माळांवर जागोजाग ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. ऑक्सिजन मोठा हावरा! जोडीतले इलेक्ट्रॉन तो आपल्याकडे ओढून घेतो. उघडा पडलेला हायड्रोजन मग शेजारच्या माळेतल्या ऑक्सिजनकडे झुकतो. हाच हायड्रोजन बंध. लॅटिमर आणि रोडेबुश या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली पाण्याच्या संदर्भात ही कल्पना मांडली. त्याची ताकद नेहमीच्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाच्या विसाव्या हिश्शाएवढी. पाण्यात तर सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतल्या एक-दोन भागांतच हा बंध तुटतो आणि नवा जुळतो.

फवाऱ्याचे पाणी माळांमध्ये शिरते, जुने बंध सोडवून स्वतःच तिथे बसते. माळा मोकळ्या होऊन सरकू लागतात. वरून तापलेली इस्त्री त्यांना सरळ करते, पाणी उडून जाते आणि त्याच सरळ स्थितीत नवे बंध जुळतात. झाली परीटघडी! पुढे घाम हेच काम करतो. फक्त तेव्हा वर इस्त्री नसते, खुर्चीची पाठ असते.

मग बंध पक्केच का करू नयेत? तेही करतात. ‘बिनसुरकुतीच्या’ सुती कापडात रसायनांनी माळा कायमच्या बांधतात. पण असे कापड ताणाला कमी टिकते, लवकर फाटते. डीएनएचे दोन धागेही याच कच्च्या बंधांनी जुळलेले आहेत, हे १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी दाखवले. पेशीला नक्कल काढायची म्हणजे ते उलगडावे लागतात. पक्के असते तर पेशीची पंचाईतच होती.

आणि हो, तुमच्या हातातल्या या अंकाचा कागदही सेल्युलोजच. त्याचे तंतू बरेचसे याच बंधांवर एकत्र आहेत. तेव्हा अभ्यंगस्नानाच्या पाटाजवळ तो नेऊ नका.